फँटसीतले देव फसतात कुठे? या चुका टाळा

चौदा पानं लिहिली होती मी. नऊ देव, त्यांची वंशावळ, कोणी कोणाचा डोळा फोडला, समुद्र कोणाच्या रडण्यातून झाला, सगळं. रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (टेबलाभोवती बसून खेळायचा कथाखेळ; एकजण जग रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात) डाव बसला, मंडळी पहिल्याच देवळाच्या पायरीशी पोचली आणि एकीनं विचारलं, "इथे चपला काढायच्या का?" मला उत्तर देता येईना. चौदा पानांत चपलांचं नाव नव्हतं.

फँटसी लिहिणाऱ्यांचं आणि गेम रचणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. देव तयार असतो, भक्ताचा पत्ता नसतो. पुराण लिहून झालेलं असतं, पण पहाटे देवळाचं दार कोण उघडतं हे लेखकालाच ठाऊक नसतं. पुढच्या बऱ्याच चुका मी स्वतः करून बसलोय.

देवांचं खातेवाटप

एकाला समुद्र, एकाला युद्ध, एकीला प्रेम. मंत्रिमंडळाचा शपथविधीच! ज्या ग्रीकांच्या नावावर हे खपवलं जातं, त्यांचेही देव इतके सरळ नव्हते. इलियड या ग्रीक महाकाव्याच्या सुरुवातीलाच अपोलो ग्रीकांच्या छावणीत रोगाची साथ पसरवतो, आणि रोग बरे करणारा देवही तोच. आपली मरीआई तशीच. पटकी आणणारी ती, आणि पटकी हटावी म्हणून नवस बोलायचा तोही तिलाच.

आणि खंडोबाचं खातं कोणतं सांगाल? म्हाळसा लिंगायत वाण्यांची, बाणाई धनगरांची. जेजुरीच्या देवाची ओळख खात्यातून पटत नाही, नात्यातून पटते. तो कोणाचा कुलस्वामी आणि कोणाचा जावई, यावरून. तुमचा देव 'कशाचा' हे बाजूला ठेवा, 'कोणाचा' ते आधी ठरवा. निम्मी कथा तिथेच सापडते.

चमत्कार होतात, पण जगाला त्याचा पत्ता नाही

ही सगळ्यात महागडी चूक, आणि माझी सगळ्यात लाडकी. पुजारी मेलेल्याला उठवू शकतो, तरी गाव आपल्या गावासारखंच चालतं. असं कसं?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत मेलेल्याला उठवण्याच्या 'रेझ डेड' या मंत्राला 500 सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, आणि तो मंत्रात खर्ची पडतो. त्याच नियमांत बिनकसबी मजुराची रोजची मजुरी चांदीची 2 नाणी, आणि 10 चांदीचं एक सोन्याचं. गणित मांडा. 2500 दिवसांची मजुरी, म्हणजे पोटाला एक घास न खाता जवळजवळ सात वर्षं. मग गावात काय होईल? हिऱ्याची भिशी सुरू होईल. एका महिन्यात दोघं गेले तर नंबर कोणाचा, यावरून भावकीत डोकी फुटतील. हिऱ्यांच्या खाणीवर राजापेक्षा देवस्थानाचा डोळा जास्त असेल. एवढ्यावर तीन महिन्यांचा डाव चालतो, राक्षस लागत नाही.

याच मंत्राची मुदत बघा. मरणाला दहा दिवसांहून जास्त झाले की तो चालत नाही. दहा दिवस! नियम लिहिणाऱ्यांच्या मनात आपला दहावा नव्हता, पण मराठी माणसानं ही संधी सोडावी का? माझ्या डावात दहाव्या दिवशी घरची माणसं नदीकाठी बसतात. शहरात हिरा आणायला गेलेला धाकटा आधी पोचतो, की पिंडाला कावळा आधी शिवतो? त्या रात्री टेबलावर कोणी वेफर्सच्या पाकिटाला हात लावला नाही.

देऊळ की दवाखाना?

2011 च्या स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये वेदीला हात लावला की रोग बरा होतो आणि वर आशीर्वाद मिळतो. श्रद्धा असो वा नसो. भर पावसात एटीएममध्ये शिरावं तसा मी त्या देवळांत शिरायचो. पण त्याच खेळात टालोस नावाचा देव आहे. युद्धानंतरच्या तहात साम्राज्यानं त्याच्या पूजेवर बंदी मान्य केलीय, आणि एका शहरात ओग्मुंड नावाचा म्हातारा भाट चोरून त्याला भजतो याचा पुरावा आणायचं काम तुमच्यावर येतं. पुरावा काय, तर एक गळ्यातला ताईत. तो उचलताना मला पहिल्यांदा त्या जगात धर्म असल्यासारखं वाटलं.

उलट बाजूची चूकही होते, म्हणजे पानोपानी प्रवचन. टोल्किनकडे पाहा. स्वतः कट्टर कॅथलिक, पण लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये देऊळ जवळपास नाहीच. फारामिर या सरदाराची माणसं जेवणाआधी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर गप्प उभी राहतात, बस. आणि त्यांचा पाहुणा असलेल्या फ्रोडोला, कथेच्या नायकाला, आपण अडाणी असल्यासारखं वाटतं. परक्याच्या घरी आरतीला कधी उभे राहिला असाल, तर हे अवघडलेपण ओळखीचं वाटेल.

सगळे भक्त एका सुरात

लेखक भांडण लावतो ते दोन धर्मांत. खरी भांडणं एकाच देवळात असतात, आणि ती तत्त्वज्ञानापेक्षा हक्कावरून जास्त पेटतात. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे परंपरागत हक्क संपवणारा कायदा 1973 चा, आणि सर्वोच्च न्यायालयातला अखेरचा निकाल 2014 चा. तुमच्या काल्पनिक देवाच्या दानपेटीची किल्ली कोणाकडे आहे, हे लिहिलंत का?

काळ्या झग्यातल्या दुष्ट पंथाचंही तेच. त्यात कोणी का जावं? दुष्काळात त्यांनी जेवू घातलं असेल तर पटतं.

जिवंत देवाला आकडे लावणं

1980 साली डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या एका पुस्तकात इंद्र, वरुण, काली यांनाही हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाल्ला की मरायचं त्याचा आकडा, दिले होते. आकडा दिसला की तो शून्यावर कसा आणायचा, एवढंच खेळाडूच्या डोक्यात येतं. ज्या देवाची आज घरोघरी पूजा होते, त्याच्या बाबतीत हे नकोच. पुण्यात तयार झालेल्या 2020 च्या राजी या गेमनं छान वाट काढलीय. लढते ती मुलगी, आणि दुर्गा व विष्णू वरून पाहत तिच्याबद्दल आपसात बोलत राहतात.

दुरुस्ती कुठून सुरू करायची? वंशावळ मिटवून ठेवा. एकच देऊळ घ्या आणि लिहा: दिवा कोण लावतं, पायरीच्या वर कोणाला येऊ देत नाहीत, आणि दिव्याला तेल कोणाकडून येतं. माझ्या गावात ते तेल एक दरोडेखोर पाठवतो. का, ते माझ्या खेळाडूंनी अजून विचारलेलं नाही.