प्रयोगानंतर कलावंताला भेटायला जाताना

नागपूरच्या रसिकाला आवडत्या नटाची भेट मुंबई-पुण्याच्या रसिकाइतकी सहज मिळत नाही. सातशे-आठशे किलोमीटर अंतर कापून मुंबईची नाट्यसंस्था इकडे येते, तेव्हा बहुधा त्याच दौऱ्यात अमरावती, चंद्रपूर, यवतमाळ असे प्रयोगही लावलेले असतात. सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात पडदा पडला की इकडे नेपथ्य ट्रकमध्ये चढू लागते आणि तिकडे मंडळींना जेवून पुढच्या गावी निघायचे असते. मधल्या वेळात आपल्या वाट्याला दोन मिनिटे येतात, म्हणून ती कशी घालवायची याचा विचार घरूनच करून निघावे.

प्रयोगापूर्वी आणि मध्यंतरात रंगपटाकडे, म्हणजे नटांच्या रंगभूषेच्या खोलीकडे, फिरकूही नये. पहिल्या घंटेपासून नट मनाने भूमिकेत शिरू लागलेला असतो आणि मध्यंतरातल्या दहा-पंधरा मिनिटांत त्याला पोशाख बदलायचा, घोटभर चहा घ्यायचा, कधी घशाला विश्रांती द्यायची असते. भेटायचे ते प्रयोग संपल्यावरच. पडदा पडताच संस्थेच्या व्यवस्थापकाला शोधून "पाच मिनिटे भेटता येईल का?" असे विचारावे, कारण आत कोणाला आणि केव्हा सोडायचे हे तोच ठरवतो. त्याने थांबायला सांगितले तर थांबावे. ओळखीच्या स्थानिक संयोजकाचे नाव सांगून पुढे घुसणाऱ्यांना आत जाता येते खरे, पण आतल्या माणसाच्या चेहऱ्यावरची नाराजी त्यांना दिसत नाही. दार लोटलेले असले तरी ते वाजवूनच आत जावे.

ही गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ अभिनेत्रीला भेटायला मी घाईने आत गेलो, तेव्हा त्या आरशासमोर बसून खोबरेल तेलात भिजवलेल्या कापसाने रंग उतरवत होत्या. अर्धा चेहरा रंगमंचावरचा होता आणि अर्धा त्यांचा स्वतःचा, दमलेला, साठीतला. मी तशातच छायाचित्र मागितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कापूस खाली ठेवला, पदराने उरलेला अर्धा चेहरा पुसला आणि मग माझ्याकडे वळल्या. त्या छायाचित्रात रंगाचा एक ओघळ त्यांच्या कानाजवळ राहिलेला दिसतो, आणि ते पाहताना मला अजूनही वाईट वाटते. तेव्हापासून मी कलावंत स्वतःहून बाहेर येईपर्यंत बाहेरच थांबतो.

आता बोलायचे काय, हा खरा प्रश्न. "तुमचा फार मोठा चाहता आहे" हे वाक्य त्यांनी त्याच संध्याकाळी दहा वेळा ऐकलेले असते. त्याऐवजी आज पाहिलेल्या प्रयोगातली एखादी नेमकी जागा सांगावी. दुसऱ्या अंकात पत्र वाचून झाल्यावर त्यांनी ते टेबलावर न ठेवता खिशात ठेवले आणि तेवढ्यावरून आपल्याला त्या माणसाचे मन कळले, असे काही बोलता आले तर दमलेला नटही क्षणभर थांबून आपल्याकडे पाहतो. मुंबई-पुण्याबाहेरचा प्रेक्षक कुठे हसतो आणि कुठे गप्प होतो, याविषयी बहुतेक नटांना मनापासून कुतूहल असते. त्यामुळे आपल्याला जे जाणवले ते आपल्याच शब्दांत सांगावे, वऱ्हाडी शब्द तोंडात आला तर येऊ द्यावा. संबोधन मात्र जपून वापरावे. 'सर', 'मॅडम' कोणालाही चालते, वयाने मोठ्यांना वाकून नमस्कार केलेलाही शोभतो, पण मालिकेतल्या पात्राच्या नावाने हाक मारू नये. खलनायिकेचे काम करणाऱ्या अभिनेत्रीला "तुम्ही किती छळता हो सुनेला!" हे कौतुक वाटेलच असे नाही. मानधन, लग्न, वजन, वय आणि "पूर्वीसारखे दिसत नाही" हे विषय पूर्णपणे वर्ज्य समजावेत. स्वतःच्या मुलाला मालिकेत काम मिळवून देण्याची विनंतीही तिथे करू नये.

स्वाक्षरी हवी असेल तर वही पान उघडून, टोपण काढलेल्या पेनसह पुढे करावी. थर्मल कागदावर छापलेल्या तिकिटावर स्वाक्षरी घेऊ नये, कारण असा कागद कालांतराने पुसट किंवा काळा पडतो. चकचकीत छायाचित्रावर साधे बॉलपेन चालत नाही, तिथे मार्कर लागतो आणि तो मिनिटभर वाळू द्यावा लागतो. सेल्फीपेक्षा सोबतच्या माणसाच्या हाती कॅमेरा आधीच सुरू केलेला फोन देणे बरे. विचारल्याशिवाय खांद्यावर हात टाकू नये, आणि गुपचूप व्हिडिओ काढणे तर विश्वासघातच आहे.

भेटवस्तू द्यावी असे नागपूरकराला वाटतेच. दौऱ्यावरच्या माणसाकडे सामान आधीच बरेच असते, त्यामुळे भला मोठा पुष्पगुच्छ मागेच राहतो. संत्रा बर्फीचा लहानसा, सीलबंद डबा मात्र बसमध्ये सगळ्यांना पुरतो, आणि तो रंगभूषाकार व प्रकाशयोजना सांभाळणाऱ्यांपर्यंत पोचला तर अधिक चांगले. त्यांनाही "प्रयोग छान झाला" असे सांगावे. त्यांना हे सहसा कोणी सांगत नाही.

संमेलनात रीत थोडी बदलते. फेब्रुवारी 2019 मध्ये नव्याण्णवावे मराठी नाट्यसंमेलन रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात झाले. अशा ठिकाणी कलावंत परिसंवाद ऐकत प्रेक्षकांतच बसलेले दिसतात. दोन सत्रांच्या मध्ये बोलावे, हातात जेवणाचे ताट असताना नव्हे. हैदराबाद किंवा मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि चित्रपट-मालिकांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, जाणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे की तिथे प्रवेशाच्या तिकिटावर पाहुण्या कलावंताची भेट मिळेलच असे नाही. छायाचित्र किंवा स्वाक्षरीसाठी वेगळे पैसे आणि वेगळी रांग असू शकते, म्हणून नियम आधी वाचावेत. छायाचित्राच्या रांगेत पाळी अक्षरशः काही सेकंदांची असते, तिथे गप्पा होत नाहीत. बोलायचे असेल तर स्वाक्षरीचे टेबल गाठावे आणि एकच वाक्य तयार ठेवावे.

एवढ्या गर्दीत मनातले सांगता येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी पत्र लिहावे. एका पानाचे, स्वतःच्या अक्षरातले, खाली गावाचे नाव घातलेले. नमस्कार करून ते हाती द्यावे आणि मागच्याला जागा करून द्यावी. ते पत्र पुढच्या गावच्या वाटेवर, बसमध्ये, सावकाश वाचता येते.