सोयाबीन कापायच्या आधी ताडपत्रीचं बघा

राम राम मंडळी. सोयाबीनची पानं गळून शेंगा पिवळ्या पडायला लागल्या की गावात सगळीकडं एकच चौकशी सुरू होते, मजूर एकरी किती घेतायत, हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, कुणाचा सांगितलाय, हार्वेस्टर रानात उतरेल का. ताडपत्रीचं मात्र कुणी बोलत नाही. ती आठवते आभाळ भरून आल्यावर, मग गाडी काढून तालुक्याला पळायचं आणि दुकानात जी हाताला लागेल ती दुकानदार सांगेल त्या भावात उचलून आणायची. यंदा असं करू नका. कोयता रानात जायच्या आधी ताडपत्री घरात पाहिजे आणि ती नेमक्या मापाची पाहिजे, बाकी सगळं त्याच्यानंतर.

हे एवढं जीव तोडून सांगतोय कारण २०१९ च्या दिवाळीत आम्ही ते भोगलंय. ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस हटायला तयार नव्हता, आमची ३ एकराची गंजी, म्हणजे कापलेल्या सोयाबीनचा रचलेला ढीग, लावून झालेली आणि घरात १८ बाय २४ फुटांच्या दोन ताडपत्र्या, त्या एकमेकीवर चढवून टाकल्या, पण जोड आला बरोबर गंजीच्या मध्यावर आणि खालची कड वर, वरची कड खाली. पाणी सरळ जोडातून आत. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे पाऊस चालूच आहे म्हणून ४ दिवस आम्ही ती उघडलीच नाही. उघडली तेव्हा वाफ आली अंगावर, मधल्या पेंढ्या काळ्या पडलेल्या, बुडाला मोड आलेले. वरून बघणाऱ्याला वाटावं गंजी छान झाकलेली आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना अजून माहीत नाही. पूर्वी पीक विम्यात काढणीनंतर रानात सुकत पडलेल्या मालाचं नुकसान झालं तर ७२ तासांत कळवून वेगळी भरपाई मागता यायची. खरीप २०२५ पासून आपल्या महाराष्ट्रानं ते काढून टाकलं आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगातल्या, म्हणजे भागातली काही ठरावीक रानं कापून मोजलेल्या, उत्पन्नावर ठेवली. यंदाचे नियम कृषी सहायकाला विचारून घ्याच, पण गंजी भिजली तर विमा बघून घेईल या भरवशावर राहू नका.

आता माप. लोक गंजीची लांबी रुंदी बघून ताडपत्री घेतात, उंची धरतच नाहीत. समजा गंजी २० फूट लांब, १० फूट रुंद आणि मधे ६ फूट उंच आहे. रुंदीच्या बाजूनं दोन्ही उतार मिळूनच १६ फूट भरतात, वर दोन्हीकडं ३-३ फूट जमिनीवर लोळायला पाहिजे, झाले २२. लांबीच्या बाजूनं २० अधिक दोन्ही टोकांची उंची ६-६, परत ३-३ फूट जास्तीचे, म्हणजे ३८. तेव्हा २४ बाय ४० ची लागते आणि आपण सवयीनं १८ बाय २४ घेऊन येतो, ती अशा गंजीला टोपीसारखी बसते. आकडेमोड नको असेल तर एक दोरी घ्या, गेल्या साली जेवढी गंजी झाली होती तेवढा अंदाज बांधा, या जमिनीपासून डोक्यावरून त्या जमिनीपर्यंत दोरी धरा, आडवी आणि उभी, दोन्हीत ६-६ फूट वाढवा. गंजी मोठी होणार असेल तर एकीच्या दोन करा, दोन लहान गंज्या झाकायला आणि उघडायला सोप्या जातात, आणि एक बिघडली तरी दुसरी हाताशी राहते.

दुकानात गेल्यावर मापाची टेप बरोबर असू द्या. ताडपत्रीवर लिहिलेलं माप बऱ्याचदा कापायच्या वेळचं असतं, कडा दुमडून शिवल्यावर थोडी कमी भरते. मग जीएसएम. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, आणि हे तपासायला दुकानातला काटा पुरेसा आहे. लांबी गुणिले रुंदी फुटात काढा, १०.७६ नं भागा, येईल त्याला जीएसएमनं गुणा. २४ बाय ४० म्हणजे ९६० चौरस फूट, भागून साधारण ८९ चौरस मीटर, ताडपत्री २०० जीएसएमची सांगत असतील तर वजन १७ किलो ८०० ग्रॅमच्या आसपास यायला पाहिजे. काट्यावर १२ किलो आली तर ती २०० ची नाही, सरळ आहे, भांडत बसायची गरज नाही, दुसऱ्या दुकानात जायचं.

पण नुसत्या वजनावर पण जाऊ नका कारण प्लास्टिकमध्ये भुकटी मिसळून पण वजन वाढवता येतं. ताडपत्री उन्हाकडं धरून बघा, बारीक बारीक उजेडाची छिद्रं दिसली तर तीच उद्या गळणार. एचडीपीईची, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांची, विणलेली असेल तर कोपरा दोन्ही हातांत धरून कपडा चोळतो तशी चोळा, वरचा पापुद्रा सुटायला लागला की ठेवून द्या. कडेत दोरी घातलेली पाहिजे, दोरी ओवायच्या कड्या साधारण ३-३ फुटांवर पाहिजेत, कोपऱ्याला जादा कापडाचा दुहेरी थर पाहिजे. ज्याला आपण सिल्पॉलिन म्हणतो तो प्रकार विणलेला नसतो, पातळ फिल्मचे थर एकावर एक आडवे-तिरपे चिकटवलेले असतात, वजनाला हलकी आणि फाट पुढं पळत नाही, गंजीवर चढवायला दोन माणसांत जमतं. पण ते नाव घेऊन काहीही विकलं जातं, छापलेलं नीट वाचून घ्या. एचडीपीईवर आयएस ७९०३ हा मानक क्रमांक आणि उन्हाला टिकणारी, म्हणजे यूव्ही असा उल्लेख असला तर चांगलं. यूव्ही नसलेली स्वस्त निळी ताडपत्री ऊन खाऊन एका हंगामात कडकड मोडते, कमी पैशात घेतली म्हणून समाधान वाटतं पण दरसाल घ्यावी लागते. माझं मत विचाराल तर लहान तीन घेण्यापेक्षा मोठी चांगली एक घ्या, शेजाऱ्याबरोबर भागीत घेतली तरी चालेल, फक्त दोघांची रास, म्हणजे मळणी, एकाच दिवशी धरू नका. पक्कं बिल घ्या. पंचायत समितीच्या कृषी विभागात पण एक चक्कर टाका, काही जिल्हा परिषदा सेस फंडातून, म्हणजे स्वतःच्या निधीतून, ताडपत्रीला अनुदान देतात, अर्जाची मुदत मात्र काढणीच्या कितीतरी आधी संपलेली असते म्हणून लवकर विचारा.

कापणी कधी, तर ९० ते ९५ टक्के शेंगांचा रंग बदलला की. पण पुढच्या दोन-तीन दिवसांत पावसाचा अंदाज असेल तर घाई करू नका, उभं पीक भिजलं तरी वाऱ्यानं लवकर सुकतं, कापून काळ्या रानात पसरलेलं भिजलं की खालच्या शेंगांना मोड येतात. उलट फार थांबलात तर शेंगा तडकतात, म्हणजे रोज सकाळी रानात जाऊन बघण्याला पर्याय नाही. परतीचा पाऊस आपल्याकडं ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो असं धरतात, पण जाता जाता दुपारनंतर विजा आणि वारं घेऊनच येतो, सकाळच्या निरभ्र आभाळावर भुलू नका.

गंजी लावायची जागा रानातली उंचवट्याची, पाण्याचा लोट जिकडं जातो तिकडची नको. खाली आधी तुराट्या नाहीतर पऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, चांगला वीतभर थर द्या, त्याच्यावर सोयाबीन. नुसतं प्लास्टिक अंथरून त्याच्यावर गंजी लावली तर आत शिरलेलं पाणी तिथंच साचतं आणि बुड सडतं. चारी बाजूंनी कुदळीनं वीतभर खोल चर काढा आणि त्याला उताराकडं तोंड द्या. गंजीचा माथा घराच्या पाख्यासारखा निमुळता आणा, वर सपाट ठेवली की पाण्याचा फुगा साचतो आणि त्या वजनानं ताडपत्री फाटते नाहीतर झिरपते. आणि ओलं सोयाबीन गंजीत घालूच नका, कापून दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्या, ताडपत्री बाहेरचं पाणी अडवते, आतलं पाणी काही ती काढू शकत नाही.

दोन ताडपत्र्या जोडायची वेळ आलीच तर कौलं आठवा, वरच्या कौलाची कड खालच्यावर येते, तसंच इथं, निदान ३ फूट एकमेकीवर आणि जोड कधीही माथ्यावर नाही. कडांवर टोकदार दगड ठेवायची आपली जुनी सवय आहे, त्यानंच निम्म्या ताडपत्र्या फाटतात. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरा आणि ती ठेवा, शिवाय डोक्यावरून दोन-तीन ठिकाणी दोरी टाकून दोन्हीकडं जड पोत्याला बांधा म्हणजे वाऱ्यानं फडफडणार नाही, फडफडली की कड्या उपटतात. कडी उपटलीच तर तिथं एक गोल गुळगुळीत गोटा आतून ठेवा, ताडपत्री त्याच्याभोवती गुंडाळून मानेला दोरी आवळा, कडीपेक्षा मजबूत बसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उघडणं. पाऊस थांबून ऊन पडलं की सकाळी दव उडाल्यावर, १० च्या सुमारास ताडपत्री काढायची आणि ४ च्या आत परत झाकायची. दिवसभर झड असेल तरी एखाद्या उघडिपीत वाऱ्याच्या उलट्या बाजूची कड हातभर वर उचलून वाफ जाऊ द्या. आत काय चाललंय हे कळायला एक लोखंडी सळई गंजीत मधोमध खोल खुपसून ठेवा, १५ मिनिटांनी काढून हातात धरा, गरम लागली तर गंजी तापतेय, मग थोडी उघडीप मिळाली तरी मोडून पसरवायची आणि मजुरी लागली तरी लागू द्या. तापलेल्या मालाचा दाणा काळपट पडतो, त्यात १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की हमीभाव केंद्रावर माल अडतो, २०२५-२६ ला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता पण ओल्या, डागी मालाला तो कोण देणार. मळणीनंतर दाणा त्याच ताडपत्रीवर दोन-तीन इंच थरात पसरून तास-दोन तासांनी पायानं फिरवत राहा.

राशीच्या वेळी राखणीला आणि मजुरांना बसायला आपण चार वेळू उभे करून ताडपत्री ताणतो, ती सपाट ताणू नका, एक बाजू चांगली हात-दीड हात खाली घ्या. काळ्या रानात भिजल्यावर खुंट्या सुटतात, म्हणून २ फुटी खुंटी घ्या आणि ती मंडपाच्या उलट्या बाजूला कललेली ठोका, नाहीतर मातीची पोतीच बांधा. हिरवी शेडनेट सावलीला ठीक आहे, पाऊस तिच्यातून सरळ खाली येतो. विजेच्या तारेखाली मंडपही नको आणि गंजीही नको, लोखंडी पाइप उभा करताना तारेला लागून माणसं गेलेली आहेत.

आणि हे नीट ऐका, असला मंडप पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. गडगडायला लागलं की ताडपत्री धरून उभं राहू नका, झाडाखाली पण नको, मजुरांना घेऊन पक्क्या घरात नाहीतर पूर्ण बंद गाडीत जायचं, ट्रॅक्टरवर बसून राहायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर घ्या, आसपास वीज पडण्याची सूचना देतं. गंजी भिजली तर भिजू द्या. बाहेरगावचे मजूर पाल ठोकून मुक्कामी असतील तर चूल पालाच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवायला सांगा. ही ताडपत्री पेट घेते, वितळून अंगाला चिकटते, आणि थंडीला कोळशाची शेगडी आत घेऊन कडा बंद करून झोपलं तर धूर दिसला नाही तरी विषारी वायूनं माणूस उठत नाही. लेकरं असतात त्या पालात.

रास घरात आली की ताडपत्री तशीच गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. धुऊन दोन्ही बाजूंनी वाळवा, दरसाल त्याच घडीवर दुमडली की घडीवरच फाटते म्हणून गुंडाळी करा, आणि उंदीर चढणार नाही अशी आढ्याला टांगा. लहान भोकं असतील तर साधा गोंद याला धरत नाही, जुन्या ताडपत्रीचा तुकडा ठेवून वर कागद घालून इस्त्री हलकी फिरवा, आधी कोपऱ्यावर करून बघा, जास्त तापली तर आणखी मोठं भोक पडतं. लगेच फेब्रुवारी-मार्चला हरभरा, गहू, हळद निघते आणि त्याच वेळी गारपिटीचं आभाळ येतं, तेव्हा हीच लागणार आहे.

गंजीला ऊब लागलेली असेल तर त्यातलं सोयाबीन पुढच्या साली बियाण्याला धरण्याआधी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवा. ७० च्या खाली उगवले तर ते बियाणं म्हणून ठेवू नका, बाजारात घाला.