स्क्रॅमजेट डिझाइन करताय? या चुका टाळा

स्क्रॅमजेट म्हणजे आतली हवा ध्वनीपेक्षा वेगाने वाहत असतानाच तिच्यात इंधन जाळणारं इंजिन. नवी मुलं स्क्रॅमजेट म्हटलं की थेट कम्बश्चन चेंबरला हात घालतात. इंधन कुठून सोडायचं, ज्योत कशी टिकवायची, एवढंच डोक्यात. पण इथे नाकापासून शेपटीपर्यंत अख्खं यानच इंजिन असतं. पुढचं पोट हवा दाबतं, मागचं पोट नॉझलचं, म्हणजे तापलेले वायू मागे फेकणाऱ्या तोंडाचं, काम करतं. आधी हवेची वाट आखा, जाळायचं नंतर बघू.

मला सगळ्यात जास्त छळते ती आयसोलेटरची हेळसांड. इनलेट (हवा आत घेणारं तोंड) आणि चेंबर यांच्यामधली ही साधी नळी 'वजन वाचवू' म्हणून सर्रास आखूड केली जाते. चेंबरमध्ये जळण सुरू झालं की दाब वाढतो आणि भिंतीलगतच्या मंद थरातून तो पुढे चढू लागतो. त्याला आयसोलेटरमधल्या शॉकच्या (दाब एकदम वाढवणाऱ्या लाटांच्या) मालिकेने अडवायचं असतं. जागा पुरली नाही की दाब इनलेटच्या घशाशी पोचतो, शॉक बाहेर फेकला जातो आणि हवा बाजूने सांडते. हाच अनस्टार्ट. थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) जातो, ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो.

एका टीमच्या विंड टनेल चाचणीला मी हजर होतो. इंधन टप्प्याटप्प्याने वाढवा, असं रिव्ह्यूत बजावलं होतं. टनेलचा वेळ कमी म्हणून त्यांनी थेट वरची पातळी लावली. प्रेशर टॅपचे (भिंतीतल्या दाब मोजणाऱ्या भोकांचे) आलेख मागून पुढे एकेक करत उसळले, आणि श्लीरेनमध्ये (हवेतले शॉक दाखवणाऱ्या चित्रणात) काउलच्या, म्हणजे इंजिनाच्या कवचाच्या, ओठाशी बसलेला शॉक बाहेर येऊन थरथरू लागला. सगळं मिलिसेकंदांत. नंतर ती मंडळी बराच काळ इंजेक्टरच बदलत बसली. आयसोलेटरच्या लांबीकडे कुणी बघेना.

हे बड्यांनाही चुकलेलं नाही. अमेरिकेच्या एक्स-५१ए यानाचं इंजिन जून २०११ मध्ये इथिलीनवर पेटलं आणि जेपी-७ या केरोसीनजातीच्या इंधनावर जाताना इनलेट अनस्टार्ट झालं. त्याच जातीचं इंजिन मे २०१३ मध्ये दुसऱ्या यानावर सुमारे साडेतीन मिनिटं चाललं.

माझा रिवाज असा: सर्वांत कमी मॅक (वेग ध्वनीच्या किती पट) आणि सर्वांत जास्त इंधन धरून भिंतीवरच्या दाबाचा आलेख आधी हाताने काढायचा. कमी मॅकलाच उष्णतेने प्रवाह चोक होण्याची, म्हणजे तुंबण्याची, भीती जास्त. शॉकची मालिका आयसोलेटरच्या निम्म्यापुढे सरकत असेल तर इंजेक्टर मागे न्यायचे. तोवर मी कुणाला सीएफडी (संगणकावरचं प्रवाहाचं गणित) उघडू देत नाही. रंगीत चित्रांनी माणूस फार लवकर खूश होतो.

दुसरी खोड म्हणजे जमिनीवरच्या चाचणीवर आंधळा विश्वास. मॅक ६ ची हवा थांबवली तर तापमान १,६०० केल्विनच्या वर जातं. एवढी तापवायला बऱ्याच ठिकाणी हवेतच हायड्रोजन जाळतात आणि खर्च झालेला ऑक्सिजन वरून भरतात. पण पाण्याची वाफ आत राहतेच, आणि तिच्यामुळे पेट घेण्याचा वेळही बदलतो, दाबही. हवा चेंबरमध्ये जेमतेम एखादा मिलिसेकंद असते, तिथे एवढा फरक पुरे. वाफेचं प्रमाण नोंदवलं नसेल तर तो निकाल मी वाचत नाही.

निव्वळ थ्रस्ट म्हणजे नॉझलचा जोर आणि आत येणाऱ्या हवेचा ड्रॅग या दोन मोठ्या आकड्यांची छोटी वजाबाकी. इनलेटमधलं नुकसान जरा कमी धरलं की हाती काही उरत नाही.

हायड्रोजनच्या आयएसपीवर (ठरावीक इंधनातून मिळणाऱ्या जोरावर) भाळू नका. द्रव हायड्रोजनची घनता घनमीटरला ७१ किलो, म्हणजे टाकी अवाढव्य आणि तिचा ड्रॅगही.

शून्य वेगापासून हे इंजिन चालत नाही. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोटाहून चाचणी घेतली तेव्हा वेग रॉकेटनेच दिला होता.

आणि कूलिंग 'नंतर बघू' म्हणून सोडू नका. २०१६ च्या त्या चाचणीत इस्रोचं इंजिन पाचच सेकंद पेटलं होतं. एवढ्या वेळात धातू बरीच उष्णता स्वतःच पिऊन घेतो. हैदराबादच्या डीआरडीएल या संरक्षण प्रयोगशाळेने एप्रिल २०२५ मध्ये कम्बश्चर जमिनीवर १,००० सेकंदांहून जास्त चालवला, तो सक्रिय कूलिंग असलेला होता. भिंतीतून इंधन फिरवायचं असेल तर ते वाटेत तापून बदलतं, केरोसीनजातीचं असेल तर कोकही (कार्बनचा थर) धरतं. म्हणून इंजेक्टरची भोकं टाकीतल्या थंड इंधनावरून ठरवू नका, भिंतीतून तापून बाहेर पडणाऱ्या इंधनावरून ठरवा.