हिरवट पडू लागलेल्या देहाला फॉर्मॅलिन देताना

मी मूळचा पेडण्याचा, पण शवागारात एकोणतीस पावसाळे काढले. नव्या पोरांना शिकवतो तेच इथं लिहितो.

पोलीस प्रकरण असेल तर पोस्टमॉर्टेम होईपर्यंत हात लावायचा नाही. फॉर्मॅलिन, म्हणजे देह सडू नये म्हणून धमन्यांतून भरायचं फॉर्मल्डिहाइडचं पाणी, आत गेलं की विषाच्या तपासणीचे वांधे होतात. समुद्रातून काढलेला देह म्हणजे तर हमखास पोलीस प्रकरण.

चादर काढलीस की आधी पोटाची उजवी खालची बाजू बघ. मोठ्या आतड्याचं तोंड तिथं पोटाच्या भिंतीला टेकलेलं, जंतूंनी भरलेलं असतं. हिरवा डाग पहिला तिथंच उठतो. मांडीवर, खांद्यावर शिरांचं काळपट जाळं दिसलं तर रक्तवाहिन्या गळक्या झाल्या समज. मग एकाच धमनीतून दहा लिटर ओतून भागत नाही. पाणी वाटेतच पाझरतं आणि चेहरा फुगतो. फुगलेला चेहरा उतरवता येत नाही. माझ्या हातून हे एकदा झालंय. त्या घरची म्हातारी म्हणाली, ‘हो आमचो न्हय.’ म्हणजे, हा आमचा नव्हे.

म्हणून कमी पाणी, जास्त तीव्रता. ताज्या देहाला फॉर्मॅलिन एकास नऊ पाणी घेतो, अशाला एकास पाच. सहा ठिकाणी धमनी उघडायची: मानेच्या दोन्ही, काखेतल्या दोन्ही, जांघेतल्या दोन्ही. डोक्याकडे सगळ्यात शेवटी आणि थोडंच. फॉर्मॅलिनचा कॅन देहापेक्षा मीटरभर उंच टांगला की पुरे, पंपाची घाई नको. पोटा-छातीतला वायू आणि पाणी ट्रोकारने, म्हणजे टोकदार पोकळ नळीने, काढून तिथं पाणी न मिसळलेलं फॉर्मॅलिन सोडायचं. पाठ, नितंब कच्चेच राहतात, तिथं सिरिंज. कातडी सुटलेल्या जागी फॉर्मॅलिनचा कापूस, वर प्लास्टिक.

हे सगळं मास्क, चष्मा, जाड हातमोजे घालून आणि पंखा बाहेर वारा फेकत असताना. फॉर्मल्डिहाइडमुळे कर्करोग होतो, हे 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं जाहीर केलं. आम्ही त्याआधी तोंडाला पंचा बांधून काम करायचो.

दुसऱ्या दिवशी अंगठ्यानं दाबून बघ. मऊ लागलं तिथं पुन्हा सुई. घरच्यांना मात्र आधीच सांगून ठेव: वास थांबेल, सडणं थांबेल, रंग परत येणार नाही. मुलगा तारवटी, म्हणजे खलाशी असेल, जहाज लांबच्या बंदरात असेल, तर त्यालाही फोनवर हेच सांगायला सांग. पेटीचं झाकण उघडायचं की नाही ते तो विमानात बसायच्या आत ठरू दे.