जुन्या एटी कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचं वायरिंग कसं तपासावं

जुना २८६, ३८६ किंवा ४८६ (प्रोसेसरच्या नंबरावरून ओळखली जाणारी एटी घडणीची मशीनं) सुरू झाला नाही की संशय आधी मदरबोर्डवर जातो आणि चांगला बोर्ड भंगारात निघतो. याची फार हळहळ वाटते. कारण बिघाड पुष्कळदा वायरीत नाहीतर कनेक्टरमध्ये असतो आणि तो शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो.

आधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. सप्लायचा पत्र्याचा डबा उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. मागे लाल सरकबटण असेल तर ते २३०वर आहे ना, बघा. अमेरिकेतून आलेलं मशीन ११५वर असताना आपल्याकडे लावलं तर सप्लाय उडतोच.

आता समोरच्या बटणाकडे या. ही जागा सगळ्यात धोक्याची, कारण एटी कॅबिनेटमध्ये घरचा २३० व्होल्टचा पुरवठा थेट त्या बटणापर्यंत आलेला असतो. बटणावर चार वायरी असतात, बहुधा तपकिरी, निळी, काळी आणि पांढरी. पण रंगांवर विसंबू नका, आधी कोणी दुरुस्ती केली असेल तर मुळीच नाही. कोणती वायर कुठे होती याचा फोटो काढा, मग चारही सोडवा. मीटर कंटिन्युइटीवर (वायर अखंड असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून कुठल्या दोन वायरी मागच्या सॉकेटच्या फेज-न्यूट्रल पिनांशी बीप देतात ते शोधा. त्या दोन आत येणाऱ्या, उरलेल्या दोन सप्लायकडे परत जाणाऱ्या. मग नुसतं बटण दाबून त्याची कोणती टोकं आपसात जुळतात ते पाहा. आत येणाऱ्या दोन्ही वायरी जुळणाऱ्या जोडीवर लावल्या, तर बटण दाबताक्षणी फेज आणि न्यूट्रल शॉर्ट होतात. अर्थची पिन आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यातही बीप आलाच पाहिजे.

मदरबोर्डकडे जाणारे कनेक्टर दोन: पी८ आणि पी९. लावताना काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना खेटून आल्या पाहिजेत. अदलाबदल झाली तर बोर्ड जळू शकतो. पी८ वर क्रम नारिंगी, लाल, पिवळी, निळी, काळी, काळी. पी९ वर काळी, काळी, पांढरी, तीन लाल. एक्सटीत, म्हणजे एटीच्या आधीच्या पीसीत, पी८ची दुसरी जागा रिकामी असते, तो दोष नव्हे.

व्होल्टेज मोजताना सप्लायवर लोड, म्हणजे वीज ओढणारं काहीतरी, हवं, नाहीतर बरेच जुने सप्लाय चालूच होत नाहीत. बोर्डपासून कनेक्टर सोडवा. लाल-काळ्यावर ५ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर आणि पिवळ्या-काळ्यावर गाडीचा १२ व्होल्टचा दिवा लावा. रेझिस्टर चांगलाच तापतो, हात लावू नका. लालवर ४.७५ ते ५.२५, पिवळीवर ११.४ ते १२.६, निळीवर उणे १२ आणि पांढरीवर उणे ५च्या आसपास आकडा यायला हवा. नारिंगी वायर म्हणजे ‘पॉवर गुड’, सप्लाय ठीक असल्याचा बोर्डला जाणारा इशारा. तिच्यावर ५ व्होल्टच्या आसपास आले नाहीत तर बोर्ड रिसेटमध्येच अडकतो: पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळी. ही एकच पिन ढिली असली तरी हेच होतं, म्हणून तिला मागून हलकेच ओढून पाहा.

आकडे बरोबर आले तर सप्लाय बंद करा, कनेक्टर बोर्डवर बसवा आणि मशीन चालू करून पुन्हा मोजा. या वेळी मीटरची टोकं कनेक्टरच्या मागच्या बाजूने वायरीशेजारी घाला. मग बोर्डवरच्या पिनेच्या बुडाशी मोजा. वायरीवर ५.० आणि पिनेवर ४.६ दिसले, तर ०.४ व्होल्ट त्या सांध्यातच हरवतायत. तिथलं प्लॅस्टिक बहुधा तपकिरी पडलेलं असतं. नुसतं घासून ते फार दिवस चालत नाही, पिन बदलाच.

सप्लाय सुटा चालतो, पण बोर्ड जोडला की लगेच बंद पडतो, असं झालं तर प्लग काढून बोर्डवरची १२ आणि उणे १२ व्होल्टची पिन काळ्या पिनेशी बीप देते का पाहा. दिला, तर त्या लाइनवरचा एखादा टँटलम कपॅसिटर शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. तो बदलला की वायरिंगला हात न लावता मशीन उभं राहतं.