मिनिएचर रंगवणं: आधी रंगांची पेटी लावा, मग ब्रश उचला

मिनिएचर, म्हणजे काही सेंटिमीटर उंचीच्या छोट्या आकृत्या, रंगवण्यासाठी पन्नास-साठ बाटल्या जमल्या की लाल एकीकडे, निळे एकीकडे अशा रांगा लावाव्याशा वाटतात. कपाट देखणं दिसतं, पण रंगवायला बसलं की अडचण सुरू होते. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन लाल बाटल्या मिनिएचरवर अगदी वेगळ्या वागतात. एक लाल दोन हातांत काळा प्रायमर (रंग धरावा म्हणून आधी मारलेला थर) झाकून टाकतो, दुसऱ्याला पाच हात दिले तरी खालचा काळा दिसत राहतो. तिसरा मुळात वॉश असतो. तो खाचांत उतरतो आणि उंचवट्यांवर नुसती झाक ठेवतो. म्हणून पहिली विभागणी रंगाच्या स्वभावावरून करा आणि छटेप्रमाणे लावायचं ते त्या गटाच्या आत.

पाच गट पुरतात: झाकणारे बेस रंग, वरच्या थरांचे जरा पारदर्शक रंग, वॉश आणि कॉन्ट्रास्ट जातीचे वाहते रंग, धातूचे रंग, आणि मीडियम (रंग पातळ करायचं द्रव्य) आणि वार्निश (शेवटचा संरक्षक थर) यांसारखं बिनरंगी सामान. सिटाडेल ब्रँडच्या डब्यांवर बेस, लेयर, शेड, कॉन्ट्रास्ट असं छापलेलंच असतं, त्यामुळे तिथे काम सोपं आहे. वालेहो ब्रँडच्या बाटल्या मात्र एकसारख्या दिसतात, तिथे क्रमांक बघा: ७० ने सुरू होणारा मॉडेल कलर, ७२ ने सुरू होणारा गेम कलर आणि ७१ ने सुरू होणारा मॉडेल एअर. हा शेवटचा एअरब्रशसाठी (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनासाठी) आधीच पातळ केलेला असतो. तो नेहमीच्या रंगासारखा आणखी पाणी घालून ब्रशने लावला की ओघळतो आणि झाकत नाही. रंग खराब निघाला असं वाटतं, पण चूक बाटली निवडण्यात झालेली असते.

नमुना पट्टी

झाकणाच्या किंवा लेबलच्या रंगावर विश्वास ठेवू नका. ॲक्रिलिक रंगातलं बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारा भाग) ओलं असताना दुधाळ असतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं, त्यामुळे बहुतेक रंग वाळल्यावर थोडे गडद दिसतात. बाटलीतला ओला रंग वाळून कसा दिसेल हे डोळ्यांनी ठरवता येत नाही.

जाड कार्डाच्या पट्ट्या कापा. मिनिएचरला वापरता तोच प्रायमर त्यांवर मारा, अर्धी पट्टी काळी आणि अर्धी पांढरी. दोन्ही भागांवर रंगाचा एक हात द्या. तो पूर्ण वाळला की त्याच्या निम्म्या जागेवर दुसरा हात द्या. पट्टीवर कंपनी, मालिका, नाव आणि क्रमांक लिहा. काळ्यावर दोन हातांत झाकला तो बेस, नाही झाकला तो वरच्या थरांचा, असा गट आपोआप ठरतो. पिवळा, पांढरा आणि झगझगीत लाल सहसा या परीक्षेत नापास होतात. तो त्या रंगद्रव्यांचा स्वभाव आहे. पिवळ्याखाली आधी फिकट तपकिरी किंवा पिवळ्या मातीच्या रंगाचा थर द्या, म्हणजे तो दोन हातांत बसतो.

वॉश आणि कॉन्ट्रास्टची परीक्षा सपाट कार्डावर होत नाही, कारण तिथे उतरायला खाचच नसते. मिनिएचरचा उरलेला सुटा भाग, एखादी ढाल किंवा घड्या असलेला तुकडा प्रायमर मारून त्यासाठी राखून ठेवा.

बाटल्या ठेवायच्या कशा

थेंबांच्या बाटलीचा व्यास साधारण २५ मिलिमीटर असतो, झाकणाच्या डब्यांचा त्याहून बराच जास्त. रॅक घेण्याआधी किंवा करण्याआधी स्वतःच्या बाटल्या मोजा आणि खाच एक-दीड मिलिमीटर मोठी ठेवा. अगदी घट्ट खाचेतून बाटली ओढताना शेजारच्या दोन पडतात. झाकणावर रंगाचा ठिपका आणि क्रमांक लावला की वरून बघूनही बाटली सापडते.

झाकणाचे डबे लवकर वाळतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा कडेवर साचलेला रंग असतो. तो वाळून पापुद्रा होतो, झाकण नीट बसत नाही आणि हवा आत जात राहते. काम संपल्यावर ओल्या कापडाने कड पुसायची, एवढंच. सगळे डबे थेंबांच्या बाटल्यांत ओतायचा खटाटोप फक्त रोज लागणाऱ्या रंगांपुरता करा. ओतलात तर लेबल आधी लिहा, कारण गडद तपकिरी आणि काळा रंग बाटलीत सारखेच दिसतात.

रंगद्रव्य तळाशी बसतं, म्हणून हलवणं महत्त्वाचं. प्रत्येक बाटलीत ४ ते ५ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा किंवा काचेचा मणी टाका. साधा लोखंडी छर्रा गंजतो आणि पांढऱ्या रंगाला पिवळट करतो. बाटली अर्धा मिनिट तरी हलवा, नुसती दोनदा आपटून उपयोग नाही. चोचीतून आधी पाण्यासारखा थेंब आला तर तो टिपून टाका, बाटली पुन्हा हलवा, मगच रंग घ्या. तो पाणचट थेंब वापरला तर रंग चकाकता आणि विरळ वाळतो. चोच तुंबली तर टाचणी घाला. बाटली जोरात दाबू नका, नाहीतर गुठळी सुटताच निम्मी बाटली पॅलेटवर येते.

घट्ट झालेला पण अजून ढवळता येणारा रंग शुद्ध पाण्याचे थोडेथोडे थेंब घालून परत आणता येतो. रबरासारखा झालेला टाकून द्या, ते बाइंडर एकदा जुळून आलं की सुटत नाही. आंबूस किंवा कुजका वास येणाराही टाका. बाटल्या उन्हात ठेवू नका आणि गोठू देऊ नका, गोठलेला ॲक्रिलिक रंग फुटतो.

आकृतीची तयारी

पुढचे टप्पे ३२ मिलिमीटरच्या एका तलवारबाजावर समजून घेऊ: अंगात साखळी चिलखत, वर लाल झगा, कमरेला चामड्याचे पट्टे.

कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन आकृती धुवा. रेझिनच्या आणि धातूच्या आकृत्यांवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहतो आणि त्यावर प्रायमर धरत नाही. साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर आलेली बारीक रेघ चाकूच्या पात्याच्या मागच्या बाजूने खरवडा. धारेने खरवडलं तर खाचे पडतात. ही रेघ आळसाने सोडली तर पुढे वॉश तिच्या कडेला साचतो आणि झग्याच्या मधोमध काळी लकेर उमटते. रेझिन घासताना मास्क लावा आणि सँडपेपर ओला करून घासा. रेझिनची वाकलेली तलवार गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा, ती तशीच राहते.

जोडायला हार्ड प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंट, रेझिनला आणि धातूला सुपरग्लू. सिमेंट प्लॅस्टिक वितळवून जोडतं, म्हणून रेझिनवर ते काहीच करत नाही. झग्याच्या आड जाणारा हात किंवा ढाल आत्ता चिकटवू नका, वेगळी रंगवून नंतर जोडा.

प्रायमरचा कॅन दोन मिनिटं हलवा, २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि फवारा आकृतीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. फार लांबून मारलं की थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. फार जवळून मारलं तर चेहऱ्याची घडण बुजते. दमट हवेत मारू नका. या आकृतीला आधी सगळीकडून काळा द्या, मग वरून तिरका राखाडी आणि शेवटी थेट डोक्यावरून अगदी थोडा पांढरा. उजेड कुठे पडतो याचा नकाशा आकृतीवरच तयार होतो आणि पुढे प्रत्येक टप्प्यात उपयोगी पडतो.

रंग पातळ करणं

हवाबंद डबा, त्यात ओला स्पंज आणि वर बेकिंगचा पार्चमेंट कागद, झाली ओली पॅलेट. मेणकागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. स्पंज ओला हवा, पण कागदावर पाणी तरंगायला नको. बेस रंग साधारण दुधाइतका पातळ हवा. घट्ट बाटलीला निम्म्याच्या आसपास पाणी लागतं, पातळ बाटलीला दोन थेंब पुरतात. परीक्षा अशी: अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. ब्रशच्या खुणा राहिल्या तर रंग घट्ट आहे, रेघ फुटून नखाच्या कडेला पळाली तर फार पातळ आहे. खूपच पातळ थर हवा असेल तर नुसतं पाणी न वाढवता मॅट मीडियम घाला. पाण्याने बाइंडर विरळ होतं आणि वाळताना कडेला रंगाची किनार उमटते.

१ किंवा २ नंबरचा, टोक धरणारा ब्रश घ्या. कोलिन्स्की सेबल (प्राण्याच्या केसांचा ब्रश) उत्तम. ००० नंबरच्या बारीक ब्रशचं आकर्षण वाटतं, पण त्यात रंगच मावत नाही आणि आकृतीपर्यंत पोचेपर्यंत टोक वाळतं. रंग केसांच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. ब्रशच्या धातूच्या पट्टीत शिरलेला रंग वाळला की केस फाकतात.

झगा

गडद किरमिजी रंगाचे दोन पातळ हात द्या, मध्ये पूर्ण वाळू द्या. अर्धवट ओल्या थरावर ब्रश फिरवला तर खालचा रंग सोलून येतो. मग घड्यांच्या तळात तपकिरी-लाल वॉश सोडा. सगळीकडे ओतू नका. एका जागी साचलेला दिसला की धुऊन टिपलेला, जेमतेम ओला ब्रश त्याला टेकवा, जास्तीचा वॉश ब्रश शोषून घेतो. हे पहिल्या मिनिटभरात करायचं. वॉश वाळायला लागल्यावर हात लावला तर कडेचे डाग पक्के होतात.

आता घडीच्या उंच भागांवर मधला लाल. ब्रश उचलताना टोकाशी सगळ्यात जास्त रंग सुटतो, म्हणून फटकारा घडीच्या खालून सुरू करून उजेडाकडे संपवा. सावली गडद करायची असेल तर दिशा उलटी, शेवट खळग्यात. एक भाग रंग आणि चार-पाच भाग मीडियम-पाणी असं ग्लेझ, म्हणजे अगदी पारदर्शक पातळ रंग, घेऊन, ब्रशची बाजू कागदावर टिपून असे पाच-सहा हात दिले की दोन लाल एकमेकांत मिसळलेले दिसतात. सर्वांत उजळ कडेसाठी लालात पांढरा मिसळू नका, झगा गुलाबी होतो. नारिंगी मिसळा आणि अगदी शेवटच्या टोकांवर नारिंगीत किंचित त्वचेचा रंग. कडा रंगवताना ब्रशच्या टोकाऐवजी त्याची बाजू कडेवरून सरकवा.

चिलखत, चामडं, चेहरा

साखळी चिलखताला गडद स्टील, त्यावर काळा वॉश आणि वाळल्यावर चंदेरी ड्रायब्रश. ब्रश कागदावर इतका पुसा की रंग संपलाच असं वाटेल, मग कड्यांवरून हलका फिरवा. चांगला सेबल यासाठी वापरू नका. धातूच्या रंगांना पाण्याचं भांडं वेगळं ठेवा. त्यांतले चमकते कण पाण्यात उरतात आणि पुढच्या झग्यावर, चेहऱ्यावर चिकटतात. चामड्याला तपकिरी बेस, गडद वॉश आणि कडांवर वाळूच्या रंगाच्या तुटक रेघा एवढं पुरे.

चेहऱ्यात त्वचेच्या बेसनंतर लगेच डोळे करून घ्या, नंतर नाही. डोळ्याच्या खाचेत गडद तपकिरी, त्यावर हस्तिदंती आडवी रेघ, मग मधोमध काळा उभा ठिपका. शुद्ध पांढरा वापरला की डोळे वटारलेले दिसतात. रेघ बाहेर गेली तर चिंता नको, वरून-खालून त्वचेच्या रंगाने डोळा हवा तेवढा बारीक करता येतो. मग लालसर वॉश, आणि नाक, गालाचं हाड, हनुवटी व कपाळावर उजळ त्वचा.

वार्निश आणि नोंद

आकृती खेळात हाताळली जाणार असेल तर आधी ग्लॉस (चकाकतं) वार्निश, मग मॅट (बिनचमकीचं). मॅट वार्निश नीट हलवलं नाही किंवा दमट हवेत मारलं तर पांढुरका धुरकट थर येतो. घाबरून सगळं खरवडू नका. ब्रशने ग्लॉसचा एक हात दिला की तो धुरकटपणा बहुतेक वेळा जातो, त्यावर पुन्हा मॅट द्या. चिलखताची चमक मॅटने मरते, तेवढ्या भागावर ब्रशने सॅटिन (मध्यम चमकीचं) लावा.

आकृती तुकडीतली असेल तर उठण्याआधी एका कार्डावर भाग, बाटल्यांचे क्रमांक, त्यांचा क्रम आणि मिश्रणाचं प्रमाण लिहा: झगा, बेस अमुक, वॉश अमुक, कडा दोनास एक. हे कार्ड नमुना पट्ट्यांसोबत ठेवा. त्या क्रमांकांच्या बाटल्या रॅकमध्ये शेजारीशेजारी लावून ठेवल्यात तर तुकडीतला दहावा तलवारबाजही पहिल्याच्याच लाल झग्यात उभा राहतो.