सोमवारचा पाव का बसतो?

टेलिफोन खात्यात सव्वीस वर्षं लाइनवर काढली. आता साताऱ्यात मेव्हण्याच्या बेकरीत गल्ल्यावर बसतो, पण काही बिघडलं की हात आधी खिशातल्या वहीकडे जातो.

पहिल्याच डिसेंबरात लादी पावानं दगा दिला. फुगेना, आतून गच्च. उस्ताद म्हणाले, यीस्ट खराब. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मैदेवाल्यानं माल बदलला." त्याच दिवशी यीस्टचं पुडकं बदललं, पोतं बदललं, वर साखरही वाढवली. दुसऱ्या दिवशी पाव झकास! कशामुळे? कुणालाच सांगता येईना. म्हणून एका खेपेला एकच गोष्ट बदला, नाहीतर दुरुस्ती होते आणि बिघाड तसाच लपून बसतो.

पुढच्या सोमवारी तो परत आलाच. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाला वहीशिवाय इलाज नाही. तारीख, वार, मैदा-यीस्ट कुठलं, पाव कसा, एवढं लिहीत गेलो. तीन आठवड्यांत वहीनंच दाखवलं की रडगाणं फक्त सोमवारचं. मंगळवारी तेच पुडकं, तेच पोतं आणि पाव चांगला. म्हणजे यीस्ट आणि मैदा दोघंही सुटले.

आता लाइन मधोमध तोडायची. फोन बंद पडला की आम्ही एक्स्चेंजपासून घरापर्यंत खांबन् खांब चढत नसू. मधल्या कॅबिनेटवर, म्हणजे रस्त्यातल्या जोडण्यांच्या पेटीवर, टेस्ट फोन लावायचा, टोन आला तर दोष पुढे, नाही आला तर मागे. बेकरीत हे कॅबिनेट म्हणजे मळलेल्या पिठाचा पहिला तास. मूठभर पीठ सरळ उभ्या ग्लासात दाबून बसवा, बाहेरून रबर बँडनं खूण करा. तासाभरात नेहमीसारखं चढलं, तर दोष पुढे आहे, लाद्या लावण्यात किंवा भट्टीत. नाही चढलं, तर मागे, मळण्यात किंवा पाण्यात. आमचं सोमवारी खुणेच्या जेमतेम वर आलं.

मग पिठात थर्मामीटर खुपसला. मंगळवारी 26 अंश, सोमवारी 20. रविवारी भट्टी बंद, त्यामुळे खोली आणि मैदा रात्रभर गारठलेले. यीस्ट मेलं नव्हतं, थंडीनं सुस्तावलं होतं.

उपाय पाण्यात आहे. पीठ 27 अंशांवर हवं, तर 27 गुणिले 3, म्हणजे 81. त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि मळताना मिक्सरनं येणारी ऊब वजा करा. आमच्या सोमवारी मैदा 18, खोली 17, मिक्सर 6. उरले 40. तेवढं कोमट पाणी घ्यायचं. मिक्सरचा आकडा तुमच्याच मिक्सरवर काढा: मळून झालेल्या पिठाचं तापमान गुणिले 3, वजा मैदा, खोली आणि वापरलेलं पाणी. पाणी अंदाजानं तापवू नका. 60 अंशांच्या पाण्यात यीस्ट खरंच मरतं, आणि मग उस्तादांचं म्हणणं खरं ठरतं.

थर्मामीटरवर तरी विश्वास का ठेवावा? ग्लासात चुरलेला बर्फ ठासून भरा, पोकळ्या भरतील एवढंच पाणी घाला, दोन मिनिटांनी 0 दिसलं पाहिजे. उकळत्या पाण्याची परीक्षा इथे फसवते. सातारा उंचावर, पाणी 100 च्या आधीच उकळतं.

मिक्सर तीन फेजचा असेल, तर विजेच्या लाइनचं काम झाल्यावर एकदा त्यावरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. फेज उलटे जोडले गेले की तो उलटा फिरतो आणि पीठ मळण्याऐवजी नुसतं ढकलतो. इलेक्ट्रिशियनकडून कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करून घ्या, स्वतः हात घालू नका.

सध्या वहीत खारी आहे. दुपारी लाटलेल्या खारीचे पदर सुटत नाहीत, सकाळच्या घाण्याचे सुटतात. मार्जरीन पातळ होत असावं, असं उस्ताद म्हणतात. उद्या फक्त ओट्यावर बर्फाचा ट्रे फिरवून बघणार आहे, बाकी सगळं तसंच.